फूट, टन आणि झेंडा

५ एप्रिल १९५८ च्या सकाळी साडेनऊच्या सुमारास कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक डोंगर उडवून देण्यात आला. डोंगर पाण्याखाली होता. व्हँकुव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामध्ये सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी वाट आहे. तिच्या ऐन मधोमध ‘रिपल रॉक’ची दोन शिखरे होती. ओहोटीला त्यातल्या उंच शिखरावर जेमतेम पावणेतीन मीटर पाणी उरायचे. १८७५ मध्ये अमेरिकी नौदलाची ‘सॅरानॅक’ ही वाफेची बोट इथे आपटून बुडाली. त्यानंतरच्या काळात वीसेक मोठी जहाजे आणि शंभरावर लहान नौका या खडकाने फोडल्या किंवा बुडवल्या. किमान ११४ माणसे गेली. १९४३ मध्ये वर तराफा नांगरून खडकाला भोके पाडायचा प्रयत्न झाला, पण प्रवाहाच्या ओढीपुढे नांगराचे दोर टिकेनात. शेवटी अभियंत्यांनी शेजारच्या लहान बेटावर विहीर खणली, तिथून समुद्राच्या तळाखालून बोगदा काढला, खडकाच्या पोटात शिरले आणि तिथे साडेबाराशे टनांहून अधिक स्फोटके भरली. कॅनडाच्या टीव्हीने तो स्फोट थेट दाखवला.

खडक गेला. प्रवाह राहिला. उधाणाच्या दिवसांत आजही तिथे पाणी पंधरा नॉटच्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरने धावते. पंधरा नॉटने जाऊ शकणारी बोट अशा वेळी उलट्या पाण्यात शिरली, तर इंजिन पूर्ण जोरात चालवूनही एकाच जागी उभी राहील.

अशा वाटांसाठी सुरुंगापेक्षा कितीतरी जुना आणि स्वस्त उपाय माणसांनी शोधून ठेवला आहे: वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्यायचा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक चुकवत होडी नेणारा होडीवाला हेच काम करतो, त्याला कोणी पायलट म्हणत नाही इतकेच. जहाजांच्या जगात मात्र पायलट हा परवानाधारक माणूस असतो. जहाज किनाऱ्याजवळ आले की तो छोट्या बोटीने येतो, दोराच्या शिडीने वर चढतो, कॅप्टनशेजारी उभा राहतो आणि जहाज आत नेतो.

तेल, कोळसा, कंटेनर वाहणाऱ्या जहाजांनी पायलट घ्यावा, याबद्दल फारसे दुमत नाही. खरी कुरकुर आहे ती हौसेच्या बोटींची. यॉट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिडाची डौलदार होडी येते. इथे चालली आहे ती वेगळ्याच जातीची गोष्ट. तीन-चार मजले, पन्नासेक मीटर लांबी, डझनभर नोकरचाकर आणि सागवानी डेक, ज्यावर बूट घालून फिरायला बंदी. मालक सहलीला निघालेला असतो. तो ना माल वाहतो ना तिकिटे विकतो. मग त्याने परक्या माणसाला रोजच्या फीवर का पोसावे, हा त्याचा सवाल. आणि असल्या बोटीच्या बुडाला भोक पडले तर तेलाचा तवंग हौशी आणि धंदेवाईक असा भेद करत नाही, हे किनाऱ्यावरच्यांचे उत्तर.

या वादाची तीन वेगवेगळी उत्तरे एकाच जलमार्गावर पाहायला मिळतात. अमेरिकेच्या सिएटलजवळच्या प्युजेट साउंडपासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्याने थेट अलास्कातल्या स्कॅगवेपर्यंत जाणारी ही सुमारे १,६०० किलोमीटरची वाट. तिला ‘इनसाइड पॅसेज’ म्हणतात. बाहेर प्रशांत महासागर, आत हजारो बेटांच्या आडोशाने जाणारे शांत पाणी. शांत म्हणजे लाटांपुरते. प्रिन्स रूपर्टला भरती-ओहोटीतला फरक सात मीटरवर जातो. मुंबईला उधाणात पाचेक मीटरचा फरक पडतो, तेवढ्याने आपल्याकडे ससून डॉकपासून वर्सोव्यापर्यंत सगळ्यांची वेळापत्रके ठरतात. सात मीटर पाणी दिवसातून दोनदा अरुंद फटींतून आत-बाहेर करू लागले की काय होते ते तिथल्या नावांतच दिसते. ‘स्कूकमचक’ नावाची एक खिंड आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारी बोलीत त्याचा अर्थ दांडगे पाणी. नाक्वाक्टो नावाच्या दुसऱ्या खिंडीच्या मधोमध एक लहानसे बेट आहे, त्याला दर्यावर्दी ‘थरथरते बेट’ म्हणतात.

अशा ठिकाणी भरती आणि ओहोटीच्या मधे पाणी क्षणभर थबकते, तेवढ्यात निसटायचे असते. ती वेळ तक्त्यात छापलेली मिळते. पण तक्त्यातली वेळ आणि पाण्याने पाळलेली वेळ यांतला फरक ज्याला ठाऊक, त्याला पायलट म्हणतात.

तो ठाऊक व्हावा म्हणून त्याला काय काय करावे लागते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत पायलटच्या परवान्याच्या परीक्षेत उमेदवारापुढे जवळपास कोरा कागद ठेवतात. त्याने त्यावर आपल्या भागाचा नकाशा आठवणीतून काढायचा. किनाऱ्याच्या रेषा, खडक, उथळ जागा आणि तिथली खोली, प्रत्येक बोया, प्रत्येक दिवा, त्याचा रंग, तो किती सेकंदांनी लुकलुकतो ते, पाण्याखालून गेलेल्या तारा, पुलांची उंची. पीटर्सबर्ग गावाच्या दक्षिणेला रँगल नॅरोज नावाची सुमारे ३५ किलोमीटरची नागमोडी वाट आहे. तिच्यात साठाहून अधिक दिवे आणि बोये आहेत. रात्री लाल-हिरवे दिवे अंगावर आल्यासारखे दिसतात म्हणून तिला ‘ख्रिसमस ट्रीची गल्ली’ हे टोपणनाव पडले आहे. ही गल्ली कागदावर बिनचूक उतरवायची म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून यावी. आपल्याकडे पाठांतराला नावे ठेवायची पद्धत आहे. धुक्यात, रडार दोन बेटांची एकच रेघ दाखवत असताना, पाठांतरच कामी येते.

पायलट आला की कॅप्टनची सुट्टी, असा समज असतो. तो चुकीचा आहे. कॅनडाच्या कायद्यात जहाज चालवण्याचे काम पायलटकडे जाते, पण तो कॅप्टनला जबाबदार राहतो. पायलट जहाज धोक्यात घालतो आहे असे वाटले, तर कॅप्टन सूत्रे परत घेऊ शकतो, मात्र मग त्याला त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, आल्यावर पहिली दहा मिनिटे दोघांत देवघेव चालते. बोट किती लांब, पाण्याखाली किती खोल, वळायला किती जागा घेते, पूर्ण वेगातून थांबायला किती अंतर लागते, हे कॅप्टन सांगतो. पुढच्या वळणावर पाणी कुठून ढकलेल, कोणती फेरी समोरून येणार, मासेमारीची जाळी कुठे पसरली असतील, हे पायलट सांगतो. एक बोटीचा जाणकार, दुसरा पाण्याचा. ब्रिटिश कोलंबियात तर पायलटचे काम सलग आठ तासांहून लांबणार असेल तर दोन पायलट घ्यावे लागतात, कारण झोपेला आलेला जाणकार हा अडाण्याइतकाच धोक्याचा.

आता समजा, एक यॉट सिएटलहून उन्हाळ्यात उत्तरेकडे निघाली आहे. लांबी ५० मीटर, म्हणजे १६४ फूट. मालक सिएटलचाच, कॅप्टन न्यूझीलंडचा. पण बोटीच्या पाठीवर नावाखाली लिहिलेले गाव आहे ‘जॉर्ज टाउन’. कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांची ही राजधानी मालकाने कदाचित पाहिलेलीही नसेल. कर, जकात, परदेशी खलाशी ठेवण्याची मोकळीक अशा कारणांनी जगातल्या मोठ्या यॉटींपैकी पुष्कळशा अशाच बेटांच्या झेंड्याखाली नोंदवलेल्या असतात. कायद्याच्या दृष्टीने ही यॉट परदेशी. मालकाचे घर बंदरातून दिसत असले तरीही.

पहिले पाणी वॉशिंग्टन राज्याचे. तिथे परदेशी बोटीला पायलट लागतो, पण राज्याचे पायलट मंडळ यॉटला सूट देऊ शकते. मर्यादा दुहेरी आहे. लांबी २०० फुटांपेक्षा जास्त नको आणि आकारमान १,३०० ग्रॉस टनांपेक्षा जास्त नको. अर्ज करायचा, मंडळाची खात्री पटवायची की यामुळे माणसांच्या जिवाला, मालमत्तेला आणि समुद्राला धोका नाही. आपली यॉट दोन्ही मापांत बसते.

सीमा ओलांडून कॅनडात शिरले की फूटपट्टी बाजूला पडते. प्रशांत किनाऱ्यावरच्या पायलट नियमांत लांबीला महत्त्व नाही, टनाला आहे. धंद्याच्या जहाजाला ३५० ग्रॉस टनांच्या वर पायलट सक्तीचा, हौसेच्या बोटीला ५०० ग्रॉस टनांच्या वर.

ग्रॉस टन हे वजन नव्हे, हे इथे सांगितले पाहिजे. शब्द आला दारूच्या पिंपांवरून. जहाजात किती ‘टन’, म्हणजे किती पिंपे मावतात, यावर मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जकात ठरायची. आज १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सूत्राने बोटीतली एकूण बंदिस्त जागा मोजतात आणि तिच्यापासून हा आकडा काढतात. ५०० ग्रॉस टन म्हणजे साधारण १,८८० घनमीटर जागा. हजार चौरस फुटांचे सात फ्लॅट एकावर एक रचले, तर त्यांच्या आतली हवा होईल तेवढी. यॉट बांधणाऱ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो, कारण आगीपासून खलाशांच्या प्रमाणपत्रांपर्यंतचे बरेच कडक आंतरराष्ट्रीय नियम याच उंबरठ्यावर सुरू होतात. म्हणून बाजारात ४९९ टनी यॉटींची एक वेगळी जातच तयार झाली आहे. वरच्या मजल्यावरची एखादी खोली भिंतीऐवजी उघडी ठेवली की जागा बंदिस्त मोजत नाहीत, टन वाचतात. आपल्याकडे बाल्कनी एफएसआयमध्ये धरायची की नाही यावर बिल्डरांनी जी बुद्धी खर्च केली, तिचीच ही सागरी आवृत्ती.

आपली ५० मीटरची यॉट ४९९ टनांची निघाली. कॅनडात पायलट नको. तीस मीटरच्या वरची असल्याने तिला ठरलेल्या ठिकाणी रेडिओवरून किनाऱ्यावरच्या वाहतूक केंद्राला आपला ठावठिकाणा मात्र कळवत जावे लागते. आणि एक मेख आहे. मालकाने तीच यॉट आठवडाभर पाहुण्यांना भाड्याने दिली, तर पैसे देऊन प्रवास करणारे आले, बोट हौसेची राहिली नाही. मग मर्यादा ५०० वरून ३५० वर येते. बोट तीच, खडक तेच, बदलले ते फक्त खुर्चीतले माणूस आणि त्याच्या खिशातून गेलेले पैसे.

डिक्सन एंट्रन्स ओलांडून अलास्कात शिरल्यावर फूटपट्टी परत हातात येते. ६५ फुटांपर्यंतच्या परदेशी हौशी बोटी मोकळ्या. ६५ च्या वर १७५ फुटांपर्यंत राज्याच्या सागरी पायलट मंडळाकडे सूट मागावी लागते. त्याहून लांब असेल तर पायलट घ्यावाच लागतो, टन कितीही असोत. आपली १६४ फुटी यॉट मधल्या गटात पडते.

इथे खरी गंमत आहे. अलास्काच्या कायद्यात अमेरिकी झेंड्याच्या हौशी बोटींना पायलटची सक्ती नाही. लांबीची अटसुद्धा नाही. म्हणजे तीनशे फुटांची अमेरिकी यॉट, पहिल्यांदाच अलास्का पाहणाऱ्या कॅप्टनसह, कागदोपत्री मोकळी. आणि प्रिन्स रूपर्टहून, म्हणजे अलास्काच्या दारातून, वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या कॅनेडियन माणसाची ७० फुटी बोट परदेशी, तिने अर्ज करावा. रिपल रॉकने ‘सॅरानॅक’ फोडताना तिचा झेंडा पाहिला नव्हता.

हा झेंड्याचा हिशेब आला कुठून, तर अमेरिकेच्या जन्मातून. राज्यघटना लागू झाली तेव्हा प्रत्येक बंदराचे आपापले पायलट आणि आपापले नियम होते. १७८९ मध्ये पहिल्याच काँग्रेसने कायदा करून पायलटचा कारभार राज्यांकडेच राहू दिला. पुढे देशांतर्गत व्यापाराच्या अमेरिकी जहाजांसाठी केंद्राने आपले परवाने आणले. राज्यांच्या हाती उरली ती मुख्यतः परदेशी जहाजे आणि परदेशी व्यापारातली अमेरिकी जहाजे. राज्यांच्या या अधिकाराची कसोटीही लागली. फिलाडेल्फियातल्या कूली नावाच्या व्यापाऱ्याने पायलट न घेता जहाजे हाकली. पेनसिल्व्हेनियाच्या १८०३ च्या कायद्याप्रमाणे पायलट नाकारणाऱ्याने निम्मी फी भरायची आणि ती रक्कम थकलेल्या पायलटांच्या, त्यांच्या विधवा-मुलांच्या मदतनिधीत जायची. कूलींनी ती भरायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८५२ मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला. काही गोष्टी प्रत्येक बंदराच्या गरजेप्रमाणेच ठरायला हव्यात, असा त्याचा आशय. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही ‘कूली’ वाचतात, पायलटसाठी कमी आणि केंद्र-राज्य अधिकारांसाठी जास्त.

कॅनडाने उलट दिशा धरली. १९६० च्या दशकात न्यायमूर्ती बर्निए यांच्या शाही आयोगाने देशभरचा पायलट कारभार खणून काढला आणि १९७२ च्या कायद्याने तो चार प्राधिकरणांत वाटला गेला. प्रशांत किनाऱ्याचे प्राधिकरण व्हँकुव्हरहून चालते. पायलट बहुतेक करून पायलटांच्याच कंपनीचे, प्राधिकरण तिच्याशी करार करते. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि नियम करणे, परवाने देणे हे काम केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडे गेले.

यॉटवाल्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायला हरकत नाही. त्यांचे म्हणणे असे: आमची बोट पाण्यात जेमतेम तीन मीटर बुडते, क्रूझ जहाज आठ मीटर. आमच्याकडे पुढून-मागून ढकलणारे पंखे आहेत, आम्ही जागच्या जागी गर्रकन वळतो. तळाचा नकाशा पडद्यावर जिवंत दिसतो. शिवाय सहलीचा बेत रोज बदलतो. सकाळी अस्वल दिसले की दुपारचा मुक्काम तिथेच. पायलटला महिनाभर पाहुण्याच्या खोलीत ठेवायचे का?

यातला शेवटचा मुद्दाच, बेत रोज बदलतो हा, पायलटांच्या बाजूचा आहे. क्रूझ जहाज दर आठवड्याला त्याच रेषेवरून जाते, त्या रेषेचा तळ पुन्हा पुन्हा मोजलेला असतो. यॉट जाते ती नेमकी रेषा सोडून, जिथे कोणी जात नाही तिथे. ते पाहायलाच तर ती आलेली असते. अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये १७९४ साली व्हँकुव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेला खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली होती. आज तीच हिमनदी शंभरेक किलोमीटर मागे सरली आहे. बर्फ मागे हटले की त्याखालचा तळ नवा, बिनमोजलेला. पडद्यावरचा नकाशा कितीही झळझळीत असला, तरी मापे घेणारी बोट जिथे कधी गेलीच नाही तिथे तो अंदाज दाखवतो. आणि तीन मीटर बुडणारी बोटही दोन मीटरवरच्या खडकावर बसतेच.

पायलट म्हणजे रामबाण, असेही नाही. ७ नोव्हेंबर २००७ ला दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे कंटेनर जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाला घासले आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन खाडीत गेले, तेव्हा जहाजाच्या ब्रिजवर पायलट होता. ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ची गोष्ट आणखी बोचरी. २३ मार्च १९८९ च्या रात्री पायलटने हा टँकर अरुंद वाटेतून सुखरूप बाहेर काढला, आपले काम संपवून तो उतरला आणि तासाभराच्या आत, मध्यरात्र उलटल्यावर, जहाज ब्लाय रीफवर चढले. सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले.

वाट पाठ असणेही पुरत नाही कधी कधी. ‘क्वीन ऑफ द नॉर्थ’ ही प्रवासी फेरी इनसाइड पॅसेजवर वर्षानुवर्षे चालत होती. तिच्या अधिकाऱ्यांना हा मार्ग घरच्या जिन्यासारखा ओळखीचा. २२ मार्च २००६ च्या मध्यरात्रीनंतर एका ठिकाणी घ्यायचे वळण घेतलेच गेले नाही. फेरी सरळ गिल बेटावर गेली आणि बुडाली. १०१ जणांपैकी ९९ वाचले, कारण जवळच्या हार्टली बे गावातले गिटगाट लोक अंधारात आपापल्या होड्या घेऊन धावले. दोघे सापडले नाहीत.

मग नियमाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण मोजमाप चुकीच्या जागी लावले आहे असे वाटत राहते. फूट आणि टन हे मोजायला सोपे म्हणून मोजले जातात. बंदरातल्या कारकुनाला बोटीचा दाखला पाहून निर्णय देता येतो. ब्रिजवरचा माणूस त्या पाण्याला किती ओळखतो, हे दाखल्यावर लिहिलेले नसते. काही ठिकाणी मधला मार्ग काढलेला दिसतो. पनामा कालव्यात ६५ फुटांखालच्या यॉटला पायलटऐवजी ‘ट्रान्झिट ॲडव्हायझर’ मिळतो. तो कालव्याचाच माणूस, पूर्ण पायलट नव्हे, पण पाणी वर-खाली करणाऱ्या लॉकच्या पायऱ्यांतून बोट कशी न्यायची हे जाणणारा. यॉटवाल्यांनी दोर सांभाळायला चार माणसे ठेवायची आणि सल्लागाराला गरम जेवण आणि बाटलीबंद पाणी द्यायचे. जेवण बरे नसेल तर त्याची चर्चा पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचते म्हणतात.

आपल्याकडे १९०८ च्या इंडियन पोर्ट्स ॲक्टने हीच गोष्ट टनांत मोजली. ज्या बंदरांना ते कलम लागू, तिथे २०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाने पायलटशिवाय हलायचे नाही. त्याखालच्या यांत्रिक बोटीनेही पायलट घ्यायचा, नाहीतर बंदराच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. हा कायदा शतकभर टिकला. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा आणला. मापाचा अंदाज यावा म्हणून आपली एक बोट इथे धरू. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’, जिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ५६ फुटांची. नौदलाची नौका असल्याने तिला लागू होणारा कायदा वेगळा. पण तशीच खाजगी बोट घेऊन कोणी मराठी माणूस अलास्काला गेला, तर ६५ च्या आत, पायलट नको. सेमूर नॅरोजमधली पाणी थबकण्याची वेळ मात्र त्याची त्यालाच पाहावी लागेल.

सूट देणे म्हणजे काय, हे ब्रिटिश कोलंबियाच्या त्याच किनाऱ्यावर १३ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री कळले. ‘नेथन ई. स्ट्युअर्ट’ ही अमेरिकी टग रिकामा तेलाचा बार्ज ढकलत अलास्काहून परतत होती. तिच्या कंपनीला या मार्गासाठी पायलटमधून सूट होती, नेहमीचे जाणारे-येणारे अधिकारी म्हणून. रात्री एक वाजल्यानंतर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला डुलकी लागली. बेला बेला गावाजवळ टग खडकावर चढली आणि फुटली. सुमारे १ लाख १० हजार लिटर डिझेल आणि वंगण हाइल्टसुक लोकांच्या पाण्यात पसरले. तिथून ते पिढ्यानपिढ्या शिंपल्या काढत आले होते, तो शिंपल्यांचा व्यवसाय बंद पडला. पुढे प्रशांत किनाऱ्याच्या प्राधिकरणाने सूट देण्याच्या अटी कडक केल्या.

२०१९ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हे कबूल केले. मासे आणि त्यांच्या वस्तीच्या हानीबद्दल २७ लाख डॉलर, स्थलांतरित पक्ष्यांबद्दल २ लाख. ब्रिजवर पायलट नसल्याबद्दल दंड झाला ५ हजार डॉलर.